आपल्याला किती येते, हे आपल्याला कसे कळते?

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत पुढे नोकरीला लागणाऱ्या मुलांना मी यंत्रकाम शिकवतो. लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, जॉब (कातलेला सुटा भाग) तयार झाला की तो मोजण्याआधी माप किती आले असेल याचा अंदाज मुलाने वहीत लिहायचा आणि मगच मायक्रोमीटर हे सूक्ष्म माप घेणारे साधन लावायचे, अशी पद्धत मी वर्गात ठेवली आहे. सुरुवातीला अंदाज आणि प्रत्यक्ष माप यांत बरेच अंतर पडते. पण थोड्याच काळात ते कमी होत जाते आणि ज्याचा हात अजून बसलेला नाही त्यालाही आपला हात बसलेला नाही हे नेमकेपणाने सांगता येऊ लागते. हीच मुले नोकरीच्या मुलाखतीहून परत आली की मात्र चित्र बदलते. मुलाखत फार छान झाली असे सांगणाऱ्याची निवड होत नाही आणि सगळे बिघडले म्हणून हिरमुसलेल्याला चार दिवसांनी पत्र येते.

मुलगा तोच आणि स्वभावही तोच असताना एका ठिकाणी त्याला स्वतःबद्दलचा अंदाज अचूक बांधता येतो आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही, याचा अर्थ काय लावायचा? आपण एरवी अशा माणसाला गर्विष्ठ तरी ठरवतो किंवा न्यूनगंडाने पछाडलेला तरी म्हणतो. मला वाटते की दोष माणसाच्या स्वभावापेक्षा कामाच्या जातीत अधिक आहे. जे काम लगेच आणि स्पष्ट उत्तर देते तिथे माणूस स्वतःला ओळखायला शिकतो. जिथे उत्तर येतच नाही किंवा उशिरा आणि धूसर येते तिथे भला हुशार माणूसही चुकतो. आपापल्या व्यवसायातील अनुभवावरून हे कितपत खरे वाटते, हे सदस्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

सागरमाळ

धागा वाचून अनेकांना डनिंग आणि क्रूगर ही दोन नावे आठवतील, म्हणून त्यांच्या अभ्यासात नेमके काय होते ते आधी नोंदवतो. कारण त्याचे जे रूप फॉरवर्ड होत फिरते ते मूळ निबंधात नाहीच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ साली विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण या विषयांत विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत असे त्यांना वाटते हेही विचारले. सर्वांत खालच्या चौथाईतील विद्यार्थी शंभर जणांच्या रांगेत खालून सरासरी १२व्या स्थानी होते, मात्र स्वतःला ते ६२व्या स्थानी समजत होते. वरच्या चौथाईतील विद्यार्थ्यांनी स्वतःला खऱ्यापेक्षा खाली धरले. या मांडणीतील युक्तिवाद असा होता की उत्तर बरोबर देण्यासाठी जे ज्ञान लागते, तेच ज्ञान उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखण्यासाठीही लागते, त्यामुळे ज्याच्याकडे ते नाही त्याची दोन्हीकडून कोंडी होते.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली अशी की, अडाणी माणूस सर्वांत अधिक आत्मविश्वास बाळगतो आणि ज्ञान वाढताच तो आत्मविश्वास दरीत कोसळतो, असा जो डोंगरासारखा आलेख सर्वत्र दाखवला जातो, तो त्या निबंधात नाही. खालच्या गटाचा स्वतःबद्दलचा अंदाज वरच्या गटाच्या अंदाजापेक्षा कमीच होता. तो वास्तवापासून फार दूर होता, एवढेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या निष्कर्षाचा बराचसा भाग संख्यांच्या स्वाभाविक वागण्यातून येतो, असा आक्षेप २००२ पासूनच घेतला गेला आहे. एका परीक्षेत सर्वांत खाली आलेल्यांपैकी काही जण त्या दिवसाच्या दुर्दैवाने तिथे आलेले असतात आणि सर्वांत वर आलेल्यांपैकी काहींना नशिबाची साथ मिळालेली असते. शिवाय बहुतेक लोक स्वतःला सरासरीच्या थोडे वर धरतात. एवढ्या दोन बाबी एकत्र आल्या तरी मूळ आलेखासारखाच आलेख निघतो. एडवर्ड नुफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निव्वळ यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे) आकडे घेऊन तसे करून दाखवले.

मग उरते काय? माझ्या मते उरतो तो त्याच १९९९ च्या निबंधातील शेवटचा प्रयोग, ज्याची चर्चा फारशी होत नाही. त्यात तर्काच्या परीक्षेत मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना थोडा वेळ तर्क शिकवला गेला आणि नंतर आपली आधीचीच उत्तरपत्रिका तपासायला सांगितली गेली. शिकलेल्यांना स्वतःच्या चुका दिसू लागल्या आणि त्यांनी स्वतःबद्दलचा अंदाज खाली आणला. धागाकर्त्यांच्या मायक्रोमीटरशी हे जुळणारे आहे.

घाटवाट

वाहन चालवण्याबद्दल लिहितो, कारण उत्तर न देणाऱ्या कामाचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. स्वीडनच्या ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील ९३ टक्के आणि स्वीडनमधील ६९ टक्के चालकांनी वाहन चालवण्याच्या कौशल्यात स्वतःला वरच्या निम्म्यात बसवले होते. आंबा घाटात चुकीच्या वळणावर ओव्हरटेक करणाऱ्याला समोरचा ट्रकचालक वेळीच ब्रेक दाबून वाचवतो, परंतु वाचलेल्याच्या खात्यावर मात्र तो प्रसंग स्वतःच्या सफाईचा पुरावा म्हणून जमा होतो. इतकी वर्षे गाडीला ओरखडा नाही, हे वाक्य खरे असते; त्यात इतर चालकांच्या सावधगिरीचा वाटा किती, हे कुणी कधी मोजत नाही.

लालमाती

कुस्तीच्या तालमीत घडलेला माणूस या नात्याने थोडे विस्ताराने लिहितो. लाल मातीचा हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, हा धागाकर्ते म्हणतात तशा उत्तराचे सर्वांत जुने ठिकाण आहे. पहाटे जोर-बैठका मारून झाल्यावर लढत सुरू झाली की कोणाचा पट हा डाव लागतो आणि कोणाचा नुसता बोलण्यात लागतो हे काही क्षणांत सगळ्यांसमोर ठरते. तिथे आत्मविश्वासाला जागा आहे, पण अंदाजाला नाही. कारण पाठ मातीला लागली की वाद संपतो. वस्तादाचे निम्मे कौशल्य तर जोड ठरवण्यात असते. मैदानात कोणाची कुस्ती कोणाशी लावायची, हे ठरवताना पोराच्या बोलण्याकडे वस्ताद लक्ष देत नाही. मेहनत किती झाली आहे, दम किती टिकतो, खाली सापडल्यावर पोरगा काय करतो, हे त्याने रोज पाहिलेले असते. माझ्या पाहण्यात आहे की पोराला स्वतःची ताकद जेवढी कळते, त्यापेक्षा त्याच्या वस्तादाला ती अधिक कळते.

असे असूनही पैलवानाचा अंदाज चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे महत्त्वाचे आहे. एकाच तालमीतील पोरे वर्षानुवर्षे एकमेकांशीच लढत राहिली की प्रत्येकाला दुसऱ्याचे डाव पाठ होतात. ढाक कधी येणार हे माहीत असते, म्हणून ती सुटते. आणि आपण ढाकेला पक्के आहोत असे पोराला वाटू लागते. मग परगावच्या मैदानात अनोळखी पैलवान समोर आला की पहिल्या खडाखडीतच, म्हणजे हाताहातीतच, तो गोंधळतो. उत्तर रोज मिळत होते, परंतु ते फार लहान वर्तुळातून मिळत होते.

यापुढची पायरी म्हणजे मोजपट्टीच बदलणे. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकले आणि कोल्हापूरच्या मातीत मुरले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम यांना सामोरे जाताना ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. मधल्या चार वर्षांत त्यांच्या मनगटातील ताकद एकाएकी निर्माण झाली असे म्हणता येणार नाही. आपले कौशल्य नव्या नियमांत कुठे बसते आणि कुठे अपुरे पडते, हे त्यांना लंडनमध्ये कळले आणि त्यांनी त्याप्रमाणे तयारी केली. सहाव्या क्रमांकातून खचायचे की माहिती घ्यायची, हा खरा प्रश्न आहे, आणि आजच्या पोरांना मी हीच गोष्ट पदकापेक्षा आधी सांगतो.

टेंबलाईवाडी

आतापर्यंतच्या प्रतिसादांत स्वतःला अधिक समजणाऱ्यांचीच चर्चा झाली आहे. दुसरी बाजू मांडते. मी बचत गटांतील महिलांसाठी हिशेबाचे वर्ग घेते. आमच्या वर्गात एक खानावळ चालवणाऱ्या बाई येतात. पाऊणशे पानांसाठी मटण किती, तांबड्या रश्श्याला किती आणि पांढऱ्याला किती, दर वाढला तर ताटामागे काय परवडेल, आयत्या वेळी दहा पाने वाढली तर कशाला कात्री लावायची, हे सगळे त्या उभ्या-उभ्या तोंडी सांगतात. पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्यांनी सांगितले होते, "मला हिशेबातलं काही येत नाही, बाई." हे विनयाने म्हटलेले नव्हते. जे त्यांना सहज जमते ते सगळ्यांनाच जमत असणार, असे त्या मनापासून धरून चालल्या होत्या, आणि हिशेब म्हणजे वहीतले रकाने, जे आपल्याला भरता येत नाहीत, अशी त्यांची समजूत होती.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आयम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिताना असे नोंदवले होते की, पदव्या आणि मानमान्यता मिळूनही त्यांतील अनेक जणी आपण लोकांना फसवले आहे आणि कधीतरी हे उघड होईल या भीतीत जगत होत्या. खानावळीतल्या बाईंचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे, कारण त्यांना कुणी मानमान्यताच दिलेली नाही. त्यांना रोज उत्तर मिळते, जेवणारे तृप्त होतात आणि महिनाअखेर पैसे शिल्लक राहतात. पण हे हिशेबाच्या कौशल्याचे उत्तर आहे असे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते. त्यामुळे धागाकर्त्यांच्या म्हणण्यात मी एवढी भर घालीन की, उत्तर मिळणे पुरेसे नाही; ते कशाचे उत्तर आहे हेही कळावे लागते.

सागरमाळ

टेंबलाईवाडी यांचा मुद्दा संशोधनातही दिसतो. काम सोपे असले की लोक स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजतात आणि काम अवघड असले की इतरांपेक्षा कमी समजतात. कारण दोन्ही वेळा माणूस फक्त स्वतःला होणारा त्रास मोजतो आणि तोच त्रास इतरांनाही होत असेल हे विसरतो. डॉन मूर आणि पॉल हिली यांनी २००८ मध्ये अतिआत्मविश्वासाचे तीन वेगळे प्रकार सांगितले. माझे काम जेवढे चांगले आहे त्यापेक्षा चांगले झाले असे वाटणे हा एक, मी इतरांपेक्षा सरस आहे असे वाटणे हा दुसरा आणि माझा अंदाज अचूक आहे याची वाजवीपेक्षा अधिक खात्री असणे हा तिसरा. एकाच माणसात हे तिन्ही एकाच वेळी असतीलच असे नाही. अवघड परीक्षेत विद्यार्थी आपले गुण वाढवून धरतो आणि आपला क्रमांक मात्र कमी धरतो, असेही घडते. त्यामुळे अमुक माणसाला फार आत्मविश्वास आहे, असे म्हणताना यांपैकी कशाबद्दल बोलतो आहोत, हे ठरवून घ्यावे.

प्रयाग चिखली

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण आमच्या गावाने भोगले आहे. २००५ च्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, हे इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले तेव्हा अनेक जाणत्या माणसांनी त्याच पायरीवर भरवसा ठेवला आणि जनावरे सोडून बाहेर पडायला नकार दिला. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. ही माणसे अडाणी नव्हती. नदी त्यांनी जन्मभर पाहिली होती आणि एरवी त्यांचे अंदाज खरे ठरत आले होते. परंतु इतका मोठा पूर आयुष्यात एक-दोनदाच येतो, म्हणजे त्याबाबत चूक सुधारण्याची संधीही तेवढ्याच वेळा मिळते. रोजच्या पाण्याच्या ज्ञानातून आलेली खात्री महापुराला लावली गेली, आणि याची किंमत गोठ्यातील जनावरांनी मोजली. आता आमच्याकडे निदान काही घरांत "पाणी कुठवर येईल" असे न विचारता "कमीत कमी कुठवर आणि जास्तीत जास्त कुठवर" असे विचारले जाते, आणि वरचा आकडा धरून सामान हलवले जाते.

शाहूपुरी

मी शेअर बाजाराशी संबंधित काम करतो. धागाकर्त्यांचा सिद्धांत मला अर्धा पटतो. आमच्याकडे उत्तर दर मिनिटाला मिळते, तेही रुपये-पैशांत, तरीही अंदाज सुधारत नाहीत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर आधारलेल्या सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी व्यवहार सुरूच ठेवले.

याचे कारण, माझ्या निरीक्षणानुसार, असे की बाजार देतो ते उत्तर त्या निर्णयाचे नसते. चुकीच्या कारणाने घेतलेला सौदा तेजीत नफा देतो आणि विचारपूर्वक घेतलेला सौदा एखाद्या बातमीने बुडतो. नफा झाला की माणूस तो आपल्या अभ्यासाच्या नावावर टाकतो, तोटा झाला की बाजाराच्या. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या निबंधात अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेवर कधी विसंबावे याच्या दोन अटी सांगितल्या आहेत: त्या क्षेत्रात पुरेशी नियमितता असली पाहिजे आणि ती नियमितता शिकण्याची संधी माणसाला मिळाली पाहिजे. लेथमध्ये दोन्ही आहेत. ऑप्शन्सच्या एका दिवसाच्या चढउतारात पहिलीच अट पुरी होत नाही.

बिंदू चौक

सर्व प्रतिसाद वाचून एक शंका येते. प्रत्येकाने स्वतःला इतके काटेकोर मोजायचे ठरवले, तर कोल्हापुरात एक तरी फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) उभी राहिली असती का? ज्यांनी शेड भाड्याने घेऊन पहिली भट्टी पेटवली त्यांना आपल्या यशाची खरी शक्यता माहीत असती तर ते घरीच बसले असते. थोडा फाजील आत्मविश्वास समाजाला उपयोगी पडतो, असे मला वाटते.

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

शाहूपुरी यांचा आक्षेप मी मान्य करतो आणि माझी मांडणी त्यानुसार दुरुस्त करतो. उत्तर लवकर येणे पुरेसे नाही. ते आपल्याच कृतीचे उत्तर असले पाहिजे, आणि टेंबलाईवाडी म्हणतात त्याप्रमाणे ते कोणत्या कौशल्याचे आहे हे माणसाला कळले पाहिजे.

बिंदू चौक यांना मात्र माझे वेगळे उत्तर आहे. काम सुरू करायचे की नाही हे ठरवताना जी खात्री लागते आणि काम हातात घेतल्यावर जी लागते, त्या दोन वेगळ्या आहेत. हौद्यात उतरल्यावर पैलवानाने शंका बाळगू नये हे लालमातीही सांगतील, परंतु जोड ठरवताना वस्तादाने शंका बाळगलीच पाहिजे. भट्टी पेटवणाऱ्या जुन्या कारखानदारांविषयी मी जे ऐकले आहे त्यावरून ते धाडसी होते खरे, पण ओतकामात रिजेक्शन, म्हणजे सदोष माल, किती निघते हे त्यांना रोज संध्याकाळी मोजलेले हवे असे. धाडस आणि मोजमाप एकाच माणसात सुखाने नांदतात, आणि धाडसासाठी स्वतःविषयी खोटे मानण्याची गरज असते असे मला दिसलेले नाही. ज्या कारखान्यांनी रिजेक्शन मोजले नाही, त्यांच्या शेडमध्ये आज दुसऱ्यांच्या पाट्या आहेत. बिंदू चौक, आपल्याला उभे राहिलेले कारखाने दिसतात. तितक्याच आत्मविश्वासाने उभे केलेले आणि मिटलेले कारखाने रस्त्यावरून जाताना दिसत नाहीत, हेही या हिशेबात धरावे.

अभ्यासिका

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. आमच्या अभ्यासिकेत एकच पुस्तक चार-चार वेळा वाचणारे अनेक जण आहेत, आणि चौथ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटू लागला की विषय झाला असे ते समजतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग याच गोष्टीचा आहे. एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि दुसऱ्याला सुमारे ६१ टक्के. परंतु आपल्याला चांगले आठवेल याची खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती. म्हणून मी सराव प्रश्नपत्रिका सोडवतो. माझा प्रश्न असा आहे की, ज्याला वस्ताद नाही आणि मायक्रोमीटरही नाही, अशा एकट्याने अभ्यास करणाऱ्याने अंदाज कसा नोंदवावा? पेपर सोडवल्यावर निकाल पाहून मनाशी पडताळा घेतला तर चालेल का?

उद्यमनगरकर (धागाकर्ता)

मनाशी घेतलेला पडताळा उपयोगाचा नाही. बारूक फिशहॉफ यांनी रूथ बेथ यांच्यासह १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांपूर्वी लोकांकडून काय घडेल याच्या शक्यता लिहून घेतल्या होत्या. दौरे संपल्यावर त्यांना आपले जुने अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा जे घडले त्याला आपण आधीच अधिक शक्यता दिली होती असे त्यांना आठवू लागले. त्यांच्यापैकी कुणी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हते. निकाल कळला की जुना अंदाज मनात आपोआप सरकतो.

म्हणून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहिताच, उत्तरसूची उघडण्याआधी, शेजारी पेनाने खात्री नोंदवा: ५०, ७० किंवा ९० टक्के. महिनाभराच्या प्रश्नपत्रिका एकत्र करा आणि ज्या उत्तरांपुढे ९० लिहिले आहे त्यांपैकी खरोखर किती बरोबर आली ते मोजा. शंभरातली ९० आली असतील तर तुमचा अंदाज नीट आहे. ७० च आली असतील तर चुकलेली कोणत्या विषयातली आहेत ते वेगळे काढा. आमच्या मुलांच्या वह्यांत असे दिसते की चूक सगळीकडे सारखी पसरलेली नसते, ती दोन-तीन ठिकाणीच साचलेली असते. ५० लिहिलेली उत्तरेही तपासायला विसरू नका, कारण त्यांतली ८० टक्के बरोबर निघाली तर परीक्षेत जे प्रश्न तुम्ही भीतीने सोडून देता, ते तुम्हाला येत आहेत. निगेटिव्ह मार्किंग असलेल्या पेपरात कोणता प्रश्न सोडवायचा आणि कोणता सोडायचा, हे त्या वहीवरून ठरवा.